तीन मिनिटांची फिल्म आणि अठराशे किलो तिखट

मिरचीचा धंदा करणाऱ्या घरात पावसाळ्याच्या शेवटी हाती असलेली रोकड ही शिल्लक नसते, ती येणाऱ्या हंगामाची अमानत असते. ऑक्टोबरपासून नंदुरबारच्या बाजार समितीत ओली लाल मिरची येऊ लागते. भाव रोज वरखाली होतो. ज्याच्या गाठीला पैसा असतो तो बरा दिवस पाहून माल उचलतो, आणि ज्याच्याकडे नसतो तो उधारीवर, म्हणजे महाग घेतो. गेल्या पावसाळ्यात याच रकमेतून पंचाण्णव हजार रुपये काढून आपल्या व्यवसायाची एक चांगली फिल्म करून घ्यावी का, असा प्रश्न आमच्या घरात आला आणि पुढचा दीड महिना तो रोज जेवणाबरोबर दस्तरखानावर वाढला गेला.

व्यवसाय फार मोठा नाही. धाकटा भाऊ आणि त्याची बायको तो सांभाळतात. शाळा सुटल्यावर हिशेब, पत्रव्यवहार आणि पाकिटावरचा मजकूर आमच्याकडे असतो, कारण उर्दू आणि मराठी दोन्ही धड लिहिणारे घरात आम्हीच. लाल तिखट, धनेपूड आणि रमजानच्या आधी बिर्याणी-निहारीचे मसाले, एवढाच माल. त्या आधीच्या हंगामात तिखट विकले गेले १,४५० किलो. गिऱ्हाईक म्हणजे नंदुरबार-शहाद्याची घरे, नवापूरची सोयरिक, सुरतेला पोटापाण्यासाठी गेलेली खानदेशी कुटुंबे आणि भिवंडी-मुंब्र्याची थोडी मंडळी. एकाने दुसऱ्याला सांगितले, असा हा धंदा वाढला.

पुतण्या सुरतेला शिकतो. फिल्मची कल्पना त्याची. "बडे अब्बू, आपला माल चांगला आहे, पण तो दिसत नाही," असे तो म्हणाला. वाक्य खरे होते, म्हणून ते टोचलेही. बाजारात आमच्यापेक्षा हलका माल चकचकीत पाकिटात आणि झकास व्हिडिओवर स्वार होऊन आमच्या पुढे जाताना आम्ही सगळेच पाहत होतो. पुतण्याने एका मोठ्या शहरातल्या व्हिडिओ करणाऱ्या कंपनीकडून अंदाजपत्रक मागवले होते. तीन पानांचा तो कागद आम्ही शाळेत प्रश्नपत्रिका तपासतो तसा, पेन्सिल हातात घेऊन वाचला.

त्यात तीन मिनिटांची एक फिल्म आणि तिच्यातूनच कापलेले चार छोटे तुकडे होते. पटकथा लिहिणे, एक दिवसाचे चित्रीकरण, दोन कॅमेरे, ड्रोन, दिवे, निवेदकाचा आवाज, संगीत, संकलन आणि दोन वेळा दुरुस्ती. तिसऱ्या दुरुस्तीचे पैसे वेगळे. येण्याजाण्याचा आणि मुक्कामाचा खर्च आमच्याकडे. वर १८ टक्के जीएसटी. आमची उलाढाल जीएसटीच्या मर्यादेच्या खूप खाली असल्याने आमची नोंदणी नाही, त्यामुळे तो कर आम्हाला कुठूनही परत मिळायचा नव्हता. म्हणजे ९५,००० चे सरळ १,१२,१०० झाले. पुतण्याने हप्त्यांचीही चौकशी करून ठेवली होती. हप्त्यात व्याज होते. तो पर्याय भावाने तिथेच मिटवला. व्याज घरात आणायचे नाही, ही एक गोष्ट तरी आमच्याकडे मशविऱ्याशिवाय ठरलेली आहे.

कंपनीचे लोक वाईट नव्हते, हे आधी सांगून ठेवतो. त्यांनी दाखवलेली कामे देखणी होती आणि इतक्या माणसांच्या मेहनतीला इतके पैसे पडणारच. प्रश्न त्यांच्या दराचा नव्हता, आमच्या गरजेचा होता.

पडद्यावरच्या जाहिरातीची आमच्या पिढीला नवलाई नाही. आमच्या लहानपणी सिनेमाच्या मध्यंतरात गावातल्या कापड दुकानाची, घड्याळजीची काचेवर रंगवलेली स्लाइड पडद्यावर यायची आणि ओळखीचे नाव दिसले की पोरे शिट्ट्या मारायची. त्याच पडद्यावर विकोची जाहिरात लागायची. मुंबईच्या पेंढरकर कुटुंबाने १९५२ साली सुरू केलेला हा घरगुती धंदा. आधी दारोदार विक्री, नंतर सिनेमागृहे आणि १९८४ साली दूरदर्शनवरच्या 'ये जो है जिंदगी' या मालिकेचे प्रायोजकत्व. मसाल्याच्या धंद्यात तर एमडीएचचे धरमपाल गुलाटी सर्वांना ठाऊक आहेत. फाळणीत सियालकोटहून आलेला हा माणूस नव्वदी ओलांडली तरी पगडी घालून स्वतःच्या जाहिरातीत स्वतः बसायचा. डिसेंबर २०२० मध्ये ते वारले, पण पाकिटावरचा चेहरा अजून तोच आहे. फिल्मने धंदा वाढत नाही असे म्हणणाऱ्याने या दोघांकडे पाहावे. आणि फिल्मनेच वाढतो असे म्हणणाऱ्याने हेही पाहावे, की पडद्यावर येण्याआधी दोघांचाही माल वर्षानुवर्षे दुकानांतून, दारांतून फिरलेला होता.

पुतण्याचे उदाहरण मात्र जवळचे होते, मालेगावचे. नासिर शेख यांनी 'मालेगाव के शोले' केला तेव्हा ना मोठा कॅमेरा होता ना स्टुडिओ. फैजा अहमद खान यांच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटात त्या मंडळींनी सायकलीवर कॅमेरा धरून ट्रॉलीचे काम कसे भागवले आणि बैलगाडीची क्रेन कशी केली, ते दिसते. यंत्रमागावर राबणाऱ्या माणसांनी ते सिनेमे केले, आणि २०२५ मध्ये रीमा कागती यांनी त्यांच्यावर 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' हा हिंदी चित्रपट आणला. पुतण्या हे सांगत होता ते पैसे खर्च करायला आपण घाबरू नये म्हणून. आम्हाला त्यातून उलटेच ऐकू आले. मालेगावकरांनी पैसा ओतला नाही, डोके ओतले. आपला प्रेक्षक कोण, तो कशाला हसतो, हे त्यांना पक्के ठाऊक होते. आमच्या अंदाजपत्रकाच्या तीन पानांत ही फिल्म कोण पाहणार, हा प्रश्नच नव्हता. तो त्यांनी विचारायचा नसतो, आपण आपल्याला विचारायचा असतो.

अम्मीने तो वेगळ्या शब्दांत विचारला. "फिल्म बघून कुणाच्या जिभेला चव कळते का?"

यावरून सारंगखेड्याच्या यात्रेचा विषय निघाला. शहादा तालुक्यात तापीकाठी दत्तजयंतीला भरणारा हा घोडेबाजार. पूर्वी घोडा घ्यायचा तर माणसाला तिथवर यावेच लागे. आता यात्रेच्या आधीच घोड्यांचे व्हिडिओ देशभर फिरतात. चाल, मान, कान, नाचणे, सगळे त्यात दिसते, आणि गिऱ्हाईक निम्मा निर्णय घरी करून निघतो. घोड्यासाठी व्हिडिओ हा मालाचा पुरावा आहे. अशा धंद्यात कुणी चांगल्या कॅमेऱ्यावर पैसे घातले तर ते शहाणपणच. शिवणकाम, मेंदी, फर्निचर, लग्नाची सजावट, यांचेही तसेच. जे डोळ्यांनी विकत घेतले जाते ते डोळ्यांना नीट दाखवावे.

तिखटाचे तसे नाही. पडद्यावर लाल रंग दिसतो, आणि नेमका लाल रंगच फसवा असतो. गडद लाल मिरची तिखट असतेच असे नाही. ब्याडगी रंगाला चढी आणि तिखटपणात नरम, तर तेजा जिभेला झोंबणारी. रंगाचे माप वेगळे, तिखटपणाचे वेगळे. शिवाय भेसळही रंगाचीच होते. २००५ साली ब्रिटनमध्ये सुदान नावाचा कारखानी रंग तिखटात सापडला आणि शेकडो खाद्यपदार्थ दुकानांतून परत घ्यावे लागले, ते तिखट भारतातून गेलेले होते. म्हणजे जितकी फिल्म सुंदर, जितका लाल रंग भडक, तितका जाणत्या गिऱ्हाइकाचा संशय वाढायचा.

हे बोलणे चालू असताना नवापूरचे मामू आले. त्यांची पोल्ट्री होती. कॅमेरा म्हटले की त्यांना एकच साल आठवते. १८ फेब्रुवारी २००६ रोजी नवापूरच्या कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू असल्याचे जाहीर झाले. देशातली ती पहिलीच नोंद. पांढऱ्या पोशाखातली माणसे, खड्डे, चुना आणि पोत्यांत भरलेल्या कोंबड्या यांची तीच ती दृश्ये दिवसरात्र टीव्हीवर फिरली. लाखो पक्षी मारले गेले. जिथे रोगाचा मागमूस नव्हता अशा राज्यांतही लोकांनी चिकन सोडले आणि भाव कोसळले. फेब्रुवारी २०२१ मध्ये नवापुरात पुन्हा तेच झाले. मामू म्हणाले, "त्या फिल्मला आम्ही एक पैसा दिला नव्हता. तीच सगळ्यात महाग पडली." मग थोडे थांबून म्हणाले, "आणि एक लक्षात ठेवा. कॅमेऱ्याला जे दाखवाल ते वर्षभर खरे ठेवावे लागते."

हे दुसरे वाक्य आमच्या घरात सगळ्यात जास्त दिवस राहिले. कंपनीच्या पटकथेच्या मसुद्यात पहिलेच दृश्य पथारीचे होते. नंदुरबारच्या बाहेर मोकळ्या रानात मिरची वाळत घातलेली असते, वरून पाहिले तर जमिनीवर लाल चादर अंथरलेली वाटते, त्यासाठी ड्रोन. निवेदक म्हणणार, आमची प्रत्येक मिरची आम्ही स्वतः, स्वतःच्या उन्हात वाळवतो. ऐकायला छान. पण अवकाळी पाऊस सांगून येत नाही. ज्या वर्षी पथारीवरचा माल भिजतो, त्या वर्षी भिजलेला फेकून आम्ही व्यापाऱ्याकडची वाळलेली मिरची घेतो, निवडून, पारखून, पण घेतो. मग ती फिल्म त्या वर्षी काय बोलणार? भावाने अन्नाच्या राशीची हदीस काढली. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, बोटांना आत ओल लागली. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले, तेव्हा भिजलेले वर का ठेवले नाहीस, लोकांना दिसले असते, असे त्याला विचारले गेले. पाऊस आणि ओला माल, अगदी आमच्याच धंद्याची गोष्ट. पटकथेतले ते वाक्य त्या रात्री गेले.

त्यापाठोपाठ आणखी काही वाक्ये गेली. मसुद्यात 'शंभर टक्के शुद्ध' असे तीनदा होते. अन्नपदार्थांच्या जाहिरातीतल्या दाव्यांसाठी एफएसएसएआयचे २०१८ चे नियम आहेत. शुद्ध, अस्सल, नैसर्गिक, पारंपरिक असे शब्द कधी वापरता येतात याच्या अटी त्यात घातलेल्या आहेत. 'शंभर टक्के' हा शब्दप्रयोग टाळा, असेही या संस्थेने २०२५ मध्ये सांगितले. फिल्म करणाऱ्याला हे ठाऊक असेलच असे नाही, आणि नोटीस आली तर ती माल विकणाऱ्याच्या पत्त्यावर येते.

मग चेहऱ्यांचा प्रश्न. कंपनीने सुचवले होते की एक मॉडेल आणू, ती नऊवारीत जात्यावर मिरची दळेल. आमच्याकडे जाते नाही, कांडप मशीन आहे, आणि जात्यावर मिरची दळणाऱ्या बाईचे डोळे फिल्मभर कोरडे राहतील, हे दिग्दर्शकाला कुणी सांगावे! भावाच्या बायकोला स्वतः कॅमेऱ्यासमोर यायचे नव्हते. धंदा तिच्या हातांवर उभा आहे, पण चेहरा दाखवायचा की नाही हे ठरवणे तिचे. कुणी आग्रह केला नाही. राहिल्या देठ खुडायला येणाऱ्या आदिवासी बाया. दिवसभर नाकातोंडाला फडके बांधून बसणाऱ्या या बायांचे चित्रण फार सुंदर येईल, असे मसुद्यात लिहिले होते. त्यांच्यातल्या वडीलधाऱ्या बाईला आम्ही विचारले. ती म्हणाली, "काढा, पण आमचं त्वांड नका दाखवू. गावात पोरं हसतील." रोजंदारी कामाची ठरलेली असते, चेहऱ्याची नाही, ही गोष्ट कुठल्याच अंदाजपत्रकात लिहिलेली नसते.

एवढे सगळे होऊनही 'नको' असे आम्ही ठरवले नव्हते. पुतण्याच्या बाजूने एक गोष्ट भक्कम होती: आमचा माल खरोखरच दिसत नव्हता. म्हणून एका रविवारी जोहरनंतर आम्ही वही घेऊन बसलो आणि मुलांना शिकवतो तेवढ्याच साध्या गणिताने तो प्रश्न मांडला.

एका किलोमागे सगळा खर्च जाऊन आमच्या हाती साधारण साठ रुपये राहतात. १,१२,१०० भागिले ६०. उत्तर आले १,८६८. म्हणजे नुसता फिल्मचा खर्च निघायला १,८६८ किलो तिखट जादा विकायला हवे. वर्षभराची सगळी विक्री मिळून १,४५०! बरे, अल्लाहच्या कृपेने फिल्म खूप चालली आणि तेवढी मागणी आली, तर? ओली मिरची वाळून साधारण चौथा हिस्सा उरते. अठराशे किलोंसाठी साडेसात टन ओली मिरची हवी. ती घ्यायला पैसा? तो तर फिल्मला दिलेला. वाळवायला जागा? गच्ची आणि भाड्याची छोटी पथारी. देठ खुडायला हात? मागणी आली आणि माल देता आला नाही, तर पहिल्यांदाच आलेले गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही. भावाने आकडा दोनदा तपासला. पुतण्या काही बोलला नाही, पण त्याने तो कागद फोटो काढून घेतला, हे आम्ही पाहिले.

पुढचा प्रश्न पुतण्यानेच विचारला आणि तोच सगळ्यात कामाचा निघाला: गिऱ्हाईक फोनवर आपल्याला नेमके काय विचारते? भावाच्या बायकोने बोटांवर मोजून सांगितले. रंग घातला आहे का. किती तिखट आहे. वर्षभर टिकेल का, जाळी-किडा लागेल का. मीठ-तेल लावून ठेवायचे का. बस, एवढेच चार प्रश्न फिरून फिरून येतात. तिला वैताग याचा होता की तेच उत्तर दिवसातून दहा वेळा द्यावे लागते. मग या चार प्रश्नांचेच चार व्हिडिओ का नकोत?

पौषात लग्नाच्या तिथी नसतात, त्यामुळे आपल्याकडचे लग्नाचे व्हिडिओ काढणारे तेव्हा रिकामे असतात, आणि नेमकी तेव्हाच पथारी लाल असते. गावातल्याच एका तरुण कॅमेरामनला अर्ध्या दिवसाचे सात हजार ठरवून बोलावले. कागदावर चार ओळी लिहून घेतल्या: मूळ चित्रण आम्हाला द्यायचे, आमच्या परवानगीशिवाय दुसरीकडे वापरायचे नाही. आपण मोबदला देऊन करून घेतलेल्या फिल्मचा पहिला मालक १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर, आपणच असतो. पण वेगळा करार बऱ्याचदा पावतीच्या मागच्या बारीक अक्षरांत असतो, म्हणून आपली चार अक्षरे आपण लिहिलेली बरी. सिनेमातले गाणे मागे लावायचे नाही, हेही ठरले. धार्मिक कारण ज्याचे त्याने पाहावे, पण दुसऱ्याचे गाणे लावले की व्हिडिओ खाली उतरवला जाण्याची भीती सर्वांनाच सारखी. पार्श्वभूमीला कांडप मशीनचा ठोका आला, तो चांगला वाटला.

चारांतला पहिला व्हिडिओ पाण्याच्या ग्लासचा. स्वच्छ पाण्याने भरलेल्या काचेच्या ग्लासात वरून चिमूटभर तिखट भुरभुरायचे. पाण्यात विरघळणारा रंग घातला असेल तर लाल रेघा लगेच खाली उतरू लागतात. ही चाचणी एफएसएसएआयनेच घरोघरी करण्यासाठी सांगितलेली आहे, वाचकांनी आपल्या स्वयंपाकघरातल्या पाकिटावर जरूर करून पाहावी. मात्र तेलात विरघळणारे सुदानसारखे रंग या ग्लासात पकडले जात नाहीत, त्याला प्रयोगशाळाच लागते, आणि हे वाक्य आम्ही व्हिडिओतही ठेवले. कॅमेरामन म्हणाला, "सर, हे कशाला? आपल्याच मालावर शंका." पुतणी म्हणाली, "राहू द्या." निवेदन तिचेच होते, बारावीतली पोर, आवाज स्वच्छ. हात अम्मीचे.

या चार व्हिडिओंनी नंदुरबार हादरले नाही. छोटू दादाच्या खानदेशी विनोदाला कोट्यवधी लोक पाहतात, आमच्या ग्लासाला पहिल्या महिन्यात अकराशेंनी पाहिले. पण फोनवरचा वेळ वाचला. कुणी रंगाचे विचारले की भावाची बायको ग्लासाचा व्हिडिओ पाठवते आणि आपल्या कामाला लागते. रमजानपर्यंत नव्या गिऱ्हाइकांना ११० किलो तिखट गेले. व्हिडिओमुळेच गेले असे छातीठोक सांगता येणार नाही, पण त्यातल्या बऱ्याच जणांनी ग्लासाचा विषय काढला. नाशिकच्या एका दुकानदाराने मात्र सरळ विचारले, "सुदानचं तुम्हीच म्हणता, मग रिपोर्ट दाखवा." आम्ही नमुना प्रयोगशाळेत पाठवला, पैसे भरले, अहवाल आला, तो त्याला पाठवला. त्याने चाळीस किलोंची मागणी नोंदवली. तो कागद आजवर निघालेल्या आमच्या सगळ्या जाहिरातींपेक्षा जास्त कामाला आला असेल.

उरलेल्या रकमेतून हंगामात मिरची वेळेवर घेता आली आणि पथारीवर टाकायला जाड ताडपत्री आली. पुतण्याचे म्हणणे संपलेले नाही. विक्री चार हजार किलोंवर गेली की मोठ्या फिल्मचा विषय पुन्हा काढायचा, असे त्याने बापाकडून कबूल करून घेतले आहे आणि आमच्या मते ते रास्त आहे. तोवर त्याने एकच गोष्ट शिकून घ्यावी असे आम्ही सुचवले: मोबाइलवर सगळे चढवून मोकळे व्हायचे नाही, गिऱ्हाइकांचे फोन नंबर वहीत उतरवायचे. २९ जून २०२० ला टिकटॉक बंद झाले तेव्हा एका रात्रीत ज्यांचे लाखो प्रेक्षक गेले, त्यांच्याकडे एकाचाही नंबर नव्हता.

सध्या भिवंडीहून एका बाईंचा आग्रह चालू आहे, की धनेपुडीचाही व्हिडिओ करा, त्यात भुसा मिसळतात म्हणे. भावाच्या बायकोने त्यांना सांगितले आहे, धने आजच उन्हात टाकलेत, आभाळ नाही आले तर जुम्म्यानंतर करू.